टाचणीचा पंजा

९ जून

प्रिय वहिनी,

तुमच्या दोन पत्रांना उत्तर नाही आणि आता तिसरंही आलं, याची मनापासून माफी मागते. कामाचं कारण सांगता आलं असतं, पण ते खरं नाही. दादाने विचारलेला प्रश्न तुम्ही तुमच्या अक्षरात जसाच्या तसा उतरवून पाठवलात, "हिच्याकडे नेमकं शिक्षण काय आहे, की नुसतीच पाटी?", आणि त्याचं उत्तर लिहायला बसले की अर्धं पान झाल्यावर मी ते फाडायचे. फोन करता आला असता. पण फोनवर दादा स्पीकर लावतो आणि मधेमधे भुंकून दाखवतो.

तर आता उत्तर. त्याला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

कुत्र्यांच्या प्रशिक्षकाची पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही. उद्या दादाने लावली तरी कुणी हटकणार नाही, आणि भुंकणं एवढं चांगलं येतंय म्हटल्यावर गिऱ्हाईकंही येतील. म्हणून त्याने शिक्षण विचारलं ते बरोबरच केलं. सगळ्यांनी विचारायला हवं. माझ्याकडे प्राणिशास्त्राच्या दोन पदव्या आहेत, ज्यांच्या जोरावर मी कॉलेजात झुरळाचे पाय शिकवत होते. ती नोकरी सोडल्यावर कुत्री सांभाळणाऱ्या एका केनेलमध्ये उमेदवारी केली. पहिलं वर्ष खराटा आणि बादली. दुसऱ्या वर्षी केनेलवाल्या बाईंनी दोरी हातात दिली. मनगटावरचा व्रण तुम्ही पाहिलाय, तो तेव्हाचा. एक स्पॅनियल जेवत होता आणि मी कौतुकाने त्याच्या भांड्यावर वाकले. त्यानंतर प्राण्यांच्या वर्तनावरचा एक अभ्यासक्रम, दोन शिबिरं, आणि गेली काही वर्षं माझं स्वतःचं छोटं केंद्र.

राहिली प्रशिक्षकांच्या संघटनेची परीक्षा. तिच्यात लेखी पेपर असतो, परीक्षकासमोर अनोळखी कुत्र्याला शिकवून दाखवावं लागतं, पशुवैद्याची शिफारस लागते, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलेल्या एका कामाची पूर्ण हकीकत डिसेंबरअखेरच्या आत द्यावी लागते. बाकी सगळं झालं. काम राहिलंय. म्हणजे आजच्या घडीला मी अर्धवट आहे. कुणी "ट्रेनरबाई" म्हणून हाक मारली तर मी वळून बघते, पण वळताना दरवेळी मनात येतं की हे अजून पूर्ण खरं नाही.

आता तुमचा प्रश्न. ठमीसाठी कुत्री तयार करीन का? करीन. माझ्याकडे सव्वा वर्षाची एक कुत्री आहे. अंग बारीक, नाक टोकदार, म्हणून नाव टाचणी. जे मिळेल त्यात नाक खुपसते आणि सोडत नाही. मधुमेहामुळे लेकीची रक्तातली साखर अचानक उतरली की तिला स्वतःला ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. पण साखर उतरते तेव्हा घामाचा वास बदलतो आणि कुत्र्याला तो कळतो. टाचणीने तो वास ओळखून ठमीच्या गुडघ्यावर पंजा ठेवायला शिकायचं. एवढंच काम आहे, आणि ते मोठं आहे.

यात तुमची मदत हवी. साखर उतरली की आधी ठमीने गोड खायचं. ते तोंडात असतानाच कापसाच्या बोळ्याने स्वतःच्या मानेवरचा घाम टिपायचा, डबीत टाकायचा, डबीवर चिठ्ठी लावायची आणि डबी बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. साखर व्यवस्थित असतानाही असेच बोळे हवेत, म्हणजे टाचणीला दोन्हींतला फरक शिकता येईल. दोन्ही ठमीच्याच हाताने. घरातल्या इतर कुणी त्यांना बोट लावायचं नाही.

दादाला सांगा, हा परीक्षेचा पेपर नाही, माझ्या भाचीचं काम आहे. पण मी परीक्षेला हेच काम देणार आहे. दोन्ही गोष्टी एकत्र करणं योग्य आहे का, हे मी स्वतःला विचारत असतेच.

तुमची,
नणंद

---

३० जून

वन्संबाईंना वहिनीचा नमस्कार,

बघ, अशी हाक मारली की तू चिडतेस, म्हणून मारली. उशिरा लिहिलंस त्याची शिक्षा झाली, आता विसरू.

पत्र वाचून दाखवलं. "अर्धवट आहे" इथे आल्यावर तुझा भाऊ म्हणाला, "हे जपून ठेव, तिने स्वतःच्या सहीने दिलंय." मी म्हटलं, तुम्ही पूर्ण आहात ना, मग शिकवा कुत्रीला. नंतर चष्मा शोधून पत्र स्वतः वाचत बसला होता. मला बघितल्यावर म्हणाला, "अक्षर सुधारलंय तिचं."

आता मोठी बातमी. ठमीला भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला, तिला हव्या त्याच कॉलेजात. वर्ग जानेवारीत सुरू होणार. पण ते इथून एका दिवसाच्या प्रवासावर, वसतिगृहात राहायचं, आणि हातोडी घेऊन डोंगर चढायचे. इथे जिन्यात उभी होती ती बोलता बोलता खाली बसली आणि मग घरंगळली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साखर उतरली की वाजणारं, दंडाला लावायचं ते यंत्र आहे, पण त्याच्या चिकटपट्टीने असं पुरळ उठतं की एक आठवडा लावलं की दुसरा आठवडा काढून ठेवावं लागतं. त्या दुसऱ्या आठवड्यात कोण बघणार तिच्याकडे?

मी सरळ सांगितलंय. कुत्री तयार झाली तर जा, नाहीतर इथल्या कॉलेजात जे मिळेल ते. तिने कबूल केलंय. दार आपटून, पण केलंय. तेव्हा बाई, सगळं तुझ्यावर आहे.

डब्या पाठवल्यात, थर्मासच्या खोक्यात बर्फ घालून. चिठ्ठ्या नीट लावल्यात. सगळं अगदी तू सांगितलंस तसंच केलंय. यापुढे दर पंधरवड्याला पाठवत जाईन.

वहिनी

---

२१ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

आज मी खूष आहे, आणि खूष असले की मला स्वतःचाच संशय येतो, म्हणून आधी सगळं सांगून टाकते.

सुरुवात एका डबीपासून केली. टाचणीने तिच्यात नाक घातलं की क्लिकर वाजवायचा, टक, आणि लगेच उकडलेल्या काळजाचा तुकडा. मग दोन डब्या, एक उतरलेल्या साखरेची, एक व्यवस्थित साखरेची. मग बाकावर डब्यांची रांग. बोळे मी चिमट्याने सारख्या दिसणाऱ्या डब्यांत घालते, म्हणजे तिला डबी ओळखता येऊ नये. आता ती रांगेतून चालते, एके ठिकाणी थबकते आणि पंजा ठेवते. जवळजवळ कधीच चुकत नाही.

माझी भीती वेगळीच होती. कुत्रं डबीकडे बघतं त्यापेक्षा जास्त माणसाकडे बघतं. योग्य डबी आल्यावर माझा श्वास जरा अडकत असेल, तर टाचणी माझा श्वास शिकेल आणि मला वाटेल ती वास शिकली. म्हणून वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला बोलावलं. डब्या त्याने मांडल्या, मी भिंतीकडे तोंड करून उभी. मग तो पडद्यामागे गेला आणि मी टाचणीला सोडलं. कोणती डबी कुठे हे मला ठाऊकच नव्हतं. तरीही तिने बरोबर ओळखलं. पुन्हा पुन्हा ओळखलं. शिंपी म्हणाला, "बाई, हिला माझ्याकडे ठेवा, कुठल्या गिऱ्हाइकाचं कापड कुठलं तेवढं सांगेल."

चुकीच्या सगळ्या वाटा मी बंद केल्यात असं मला वाटतं. तसं हकिकतीतही लिहिलंय.

ऑक्टोबरच्या शेवटी टाचणीला घेऊन येते. घर, माणसं, ठमीची खोली, सगळ्याची तिला ओळख व्हायला हवी. ठमीला म्हणावं, हातोडी विकत घ्यायला हरकत नाही.

तुमची,
नणंद

---

६ नोव्हेंबर

वन्संबाई,

तुम्ही दोघी गेलात आणि घर एकदम मोठं झालं. टाचणी दारातून आली ती थेट माझ्याकडे, पंजा माझ्या गुडघ्यावर. मी म्हटलं, अगं बाई, ओळख ना पाळख! मग मी भांडी घासतेय, पंजा. पेपर वाचतेय, पंजा. ठमी बिचारी जमिनीवर बसून तिला हाका मारतेय आणि ही माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडलेली. स्वयंपाकघरात ठमीची साखर खरंच उतरली तेव्हाही पंजा माझ्याच गुडघ्यावर ठेवलान. तू म्हणालीस, दोघी शेजारीशेजारी उभ्या होतात, गोंधळली असेल. असेल बाई. पंजा ठेवला हे तर खरं, यंत्राच्या आधी ठेवला हेही खरं.

आता पुढची गंमत ऐक. तुझी गाडी गेली आणि तुझा भाऊ माझ्याकडे टक लावून बघायला लागला. म्हणाला, "कुत्री तुला काहीतरी सांगत होती. तुझीच साखर बिघडलेली नसेल ना?" मी हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी मला रक्त द्यायला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, काही त्रास नाही, तक्रार नाही, मग तपासायला सांगितलं कुणी? तुझा भाऊ गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "एका तज्ज्ञाने."

सगळं ठणठणीत निघालं. उपाशीपोटी, जेवल्यावर, सगळं. डॉक्टर म्हणाले, तुमची साखर माझ्यापेक्षा चांगली आहे.

ठमी मात्र जरा हिरमुसलीय. म्हणते, "आत्याची कुत्री आईच्या प्रेमात पडली." तू तिला दोन ओळी लिही. आणि टाचणी कायमची कधी येणार ते कळव. ठमीने पेटी काढून ठेवलीय. मीच नको म्हणत होते, आता मीच तिच्या कपड्यांच्या घड्या घालतेय.

वहिनी

---

११ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी मोठ्याने हसले. मग तेच पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

एकच विचारते, रागावू नका आणि मला बरं वाटावं म्हणूनही उत्तर देऊ नका. ठमीची साखर उतरते तेव्हा कापूस कोणाच्या हातात असतो?

तुमची,
नणंद

---

१७ नोव्हेंबर

वन्सं,

माझ्या हातात असतो. झालं?

तू येऊन बघायला हवं होतंस. साखर उतरली की पोरीची बोटं थरथरतात. डबीचं झाकण तिला उघडत नाही, कापूस हातातून पडतो, आणि वर ती माझ्यावर खेकसते. अशा वेळी मी लांब उभी राहून बघत बसू? तिच्या तोंडात गोड घालायचं आणि त्याच हाताने मान टिपायची. पहिल्या दिवसापासून मीच टिपलं. साखर चांगली असते तेव्हाचे बोळे तीच भरायची, गाणी म्हणत. तुला "सांगितलंस तसंच" लिहिलं, कारण मला वाटलं, घाम तिचाच आहे ना? मग हात कुणाचा याने काय फरक पडतो?

तुझी चिठ्ठी आल्यापासून विचार करतेय आणि मला कळलंय काय फरक पडतो. तुझी टाचणी मला हुंगत होती.

आणि लपवून काय करू, मला त्याचा थोडा आनंदही झाला. यंत्र यायच्या आधीपासून मी ओळखते तिची साखर. वरचा ओठ पांढरट पडतो, वाक्य अर्धं सोडते, नजर माझ्यावरून पलीकडे जाते. मागे एकदा शाळेच्या सहलीला मी तिच्यासोबत निघाले तेव्हा सगळ्यांसमोर ओरडली होती, "आई, तूच माझं कुत्रं आहेस! माझ्या मागे मागे फिरू नकोस!" तेव्हा मी रडले होते. परवा टाचणी माझ्या पायाशी बसली तेव्हा वाटलं, हिला तरी कळलं इथे काम कोण करतं ते.

पण आता काय? जानेवारीला उरलं काय? ठमीला मी काही सांगितलेलं नाही. तुझ्या भावालाही नाही. तू एक कर ना. जे काही शिकलीय तेवढ्यावर पाठव. डब्या तर ओळखतेच. पुढचं ठमीजवळ राहून शिकेल. आणि तुझ्या परीक्षेचं म्हणशील तर तिथे कोणाला कळणार आहे?

वहिनी

---

२३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नाही पाठवणार. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला आशा लागून राहणार नाही.

मला तुमचा राग आलेला नाही. तुमच्या जागी मी असते तरी मीच टिपलं असतं. चूक माझ्या बाजूची आहे आणि ती कुठे झाली तेही मला दिसतंय. कॉलेजात दरवर्षी मी मुलांना दोन कुंड्या दाखवायचे. दोन्हींत एकच माती, एकच बी, एकच पाणी. फरक करायचा तो फक्त एका गोष्टीत, नाहीतर रोप कशामुळे वाढलं ते सांगता येत नाही. ते शिकवणारी मी, आणि तुमच्या घरातून आलेल्या डब्यांबद्दल "सांगितलंस तसंच" या दोन शब्दांवर थांबले. बाहेरचं गिऱ्हाईक असतं तर मी कापूस टिपताना समोर उभी राहिले असते, चार प्रश्न विचारले असते. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही तुम्ही आहात. नातेवाइकांचं काम करताना इथेच घसरायला होतं, हे आता मला माहीत झालं. माझ्या शिक्षणात तेवढी भर पडली असं दादाला सांगा.

शिंप्याला बोलावून मी माझा श्वास बाजूला काढला. तुमचा हात मात्र उतरलेल्या साखरेच्या प्रत्येक डबीत होताच.

टाचणी काही चुकली नाही. मी तिला पगार देऊन वहिनी ओळखायला शिकवलं आणि ती वहिनी ओळखते. अशी कुत्री ठमीबरोबर पाठवली तर डोंगरावर साखर उतरेल आणि ही शेजारी स्वस्थ बसेल, कारण तुम्ही तिथे नसाल. ठमी मात्र तिच्या भरवशावर राहील. कुत्री नसेल तर ठमी निदान स्वतः सावध राहते. कुत्री आहे म्हणून निर्धास्त झाली तर ती जास्त धोक्यात आहे.

आता काय करायचं ते. जुने सगळे बोळे मी फेकले. नवे ठमी स्वतः टिपेल, दोन्ही प्रकारचे. बोटं थरथरली तर थरथरू देत, कापूस पडला तर दुसरा घेऊ दे. तुम्ही खोलीबाहेर. आणि तुमच्याकडून मला वेगळं काही हवंय. दर आठवड्याला एक कोरा बोळा तुमच्या हातात घोळवून पाठवा. तो मी रांगेत ठेवीन, आणि त्याच्यावर पंजा पडला तर टाचणीला काहीही मिळणार नाही. क्लिकर नाही, खाऊ नाही.

जानेवारीपर्यंत होणार नाही. किती लागेल सांगता येत नाही, पण मी हे सोडणार नाही. ठमीला आणि दादाला तुम्ही सांगा किंवा मी सांगते, पण सांगायला हवं. परीक्षेच्या हकिकतीत हे सगळं जसं घडलं तसं मी लिहिलंय. कोणाला कळणार, असं तुम्ही विचारलंत. परीक्षकांना कळणार नाही हे खरं आहे. मात्र मग त्या कागदावर माझं नाव कशासाठी हवं होतं, हे मला स्वतःला सांगता आलं नसतं.

तुमची,
नणंद

---

१४ जानेवारी

वन्सं,

तुझ्या पत्रावर मी बरेच दिवस रुसून बसले होते, हे तुला कळलंच असेल. रोज मनात तुला उत्तर देत होते. बरं झालं लिहिलं नाही.

ठमी गेली. कुत्रीशिवाय गेली.

मी तिला सगळं सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आकांडतांडव करेल. ती बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे टाचणी नापास झाली ती तुझ्यामुळे, आणि कॉलेज बुडणार माझं?" तुझा भाऊ पेपर खाली न ठेवता म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे." मग तिने स्वतःच योजना मांडली. यंत्र लावायचं, एकदा या दंडाला, एकदा त्या दंडाला, मधे पोटाला. पुरळ आलं तर मलम. खोलीतल्या मैत्रिणीला सगळं आधी सांगून ठेवायचं. खिशात कायम साखर. डोंगरावर एकटी जायचं नाही. आणि म्हणाली, "आई, टाचणी येईल तेव्हा येईल. आत्या शिकवतेय ना? तोवर मी पण शिकते."

मी अट घातली होती ती मीच मागे घेतली. स्टेशनवर मी तिच्या ओठाकडेच बघत होते. तिने ते ओळखलं. "आई, गाडीकडे बघ," म्हणाली.

पहिल्या आठवड्यात एकदा प्रयोगशाळेत उतरली साखर. मैत्रिणीने रस पाजला. मला दुसऱ्या दिवशी कळवलं. दुसऱ्या दिवशी! मी ओरडायला तोंड उघडलं आणि तुझ्या भावाने हातातून फोन काढून घेतला. "शाब्बास," म्हणाला तिला. मला नाही, तिला.

माझा बोळा सोबत आहे. हातात चांगला घोळवलाय. पहिल्यांदा पाठवताना विचित्र वाटलं होतं. त्या कुत्रीला माझं काहीच वाटेनासं करायचं, आणि त्यासाठी मीच हात पुसून पाठवायचे. आता सवय झालीय. सोमवारी कपडे धुते, मंगळवारी बोळा.

टाचणीचं काय झालं माझ्या बोळ्यापाशी? खरं सांग. अजून पंजा ठेवते?

वहिनी

---

१८ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र ठमीच्या वसतिगृहासमोरच्या पाहुण्यांच्या खोलीतून लिहितेय. खिडकीतून तिची खिडकी दिसते.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, जे मी मागच्या दोन चिठ्ठ्यांत टाळलं. हो, टाचणी तुमच्या बोळ्यावर पंजा ठेवत राहिली. पंजा ठेवायची, माझ्याकडे बघायची, काही मिळत नाही म्हटल्यावर दुसरा पंजा ठेवायची. एकदा तर बाकाखाली जाऊन पडली आणि उठेना. त्या दिवशी मला वाटलं, हे चांगल्या प्रशिक्षकाच्या हातून झालंच नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एका डबीपासून सुरुवात केली. फेब्रुवारीत ती तुमच्या बोळ्यापाशी थांबायची, हुंगायची आणि पुढे जायची. थांबणं अजून आहे. ते मी काढायला गेले नाही, पंजा ठेवत नाही एवढं पुरे.

ठमीच्या बोळ्यांवर तिला मी नाही तपासलं. पशुवैद्यांच्या मदतनिसाने तपासलं, मी इमारतीबाहेर असताना. ती उतरली कसोटीला. पण मागच्या खेपेला डब्यांवर हुरळून गेले होते, म्हणून या वेळी इकडे येईपर्यंत तुम्हाला कळवलं नाही.

इथे पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी टाचणीने दोनदा उगाच पंजा दिला, साखर मोजली तर व्यवस्थित होती. तेही मी लिहून ठेवलं. काल दुपारी ठमी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मैत्रिणीशी वाद घालत बसली होती, कुठला दगड जुना यावर. टाचणीने गुडघ्यावर पंजा ठेवला. ठमीने तो बाजूला केला. "बरी आहे मी, जा." टाचणीने पुन्हा ठेवला. ठमी म्हणाली, "आत्या, हिला घे ना, मी बोलतेय." मी जागची हलले नाही. तिसऱ्यांदा टाचणीने दोन्ही पंजे तिच्या मांडीवर ठेवले आणि तोंडाजवळ नाक नेलं. ठमी चिडून पिशवीतून मोजायचं यंत्र काढायला लागली, "दाखवतेच तुला," म्हणत. आकडा बघितला. खिशातली साखर तोंडात टाकली. दंडावरचं यंत्र त्यानंतर वाजलं.

वाक्य ती अर्धं सोडत नव्हती, वहिनी. ओठही पांढरा नव्हता, मी मुद्दाम बघितलं. तुम्हालाही कळलं नसतं इतक्या आधी टाचणीला कळलं. हे लिहावं की नाही यावर मी बराच वेळ पेन धरून बसले. तुम्हाला लागेल असं वाटलं, पण तुम्हाला विश्रांती मिळावी अशी माझी इच्छाही आहे.

आज सकाळी पुन्हा एकदा, बरोबर. दोन वेळा म्हणजे फार नाही. ठमी रोजची नोंद मला पाठवणार आहे, खोटे पंजेसुद्धा, आणि महिन्याभराने मी पुन्हा येऊन बघेन.

संघटनेचं उत्तर आलं. काम ठरलेल्या वर्षात पूर्ण झालं नाही, तेव्हा प्रमाणपत्र देता येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. शेवटी परीक्षक बाईंनी हाताने लिहिलंय, "नमुने गोळा करणाऱ्याच्या वासाबद्दलचा भाग इतर उमेदवारांना वाचायला द्यायची परवानगी आहे का?" मी परवानगी दिली. वाईट वाटलं ते वाटलंच, ते नाकारत नाही. पुढच्या वर्षीचा अर्जही त्याच पाकिटात घातला. दादाला सांगा, अजून वर्षभर अर्धवट म्हणायची त्याला मुभा आहे.

टाचणी आता ठमीच्या पलंगाखाली झोपते. तरी मी खोलीत असले की एक डोळा माझ्याकडे असतोच. तो तिने सोडायला हवा, आणि मी जवळ असेपर्यंत ती सोडणार नाही. माझी गाडी सकाळची आहे. ठमी तिला फिरवायला मैदानावर नेईल, त्याच वेळी मी फाटकातून बाहेर पडेन. वाटेत मैदान दिसतं.

उद्या : निघताना टाचणीला हाक न मारणे.

तुमची,
नणंद